जाकिटाचं माप

साहेबरावांनी खताच्या रिकाम्या पोत्यात काळा गाळ ठासून भरला, वरनं चार बुक्क्या हाणल्या आणि पोतं बांधाला टेकवून उभं केलं. मग त्याच्या पोटावर सुतळीनं जाकिटाचा तुकडा आवळून बांधला. तुकडा जेवायच्या ताटाएवढा, काळ्या कापडात शिवलेला, दिसायला दारातल्या पायपुसण्यासारखा. जाकीट विकणाऱ्यानंच तो नमुना म्हणून सोबत धाडला होता. खात्री करायची तर याच्यावर करा, जाकिटावर करू नका, असं त्याचं म्हणणं. एकदा गोळी खाल्लेलं जाकीट परत त्या जागी भरवशाचं राहत नाही.

"मागं व्हा, दादा. अजून मागं."

राजवर्धन मागं झाला. उन्हाळ्यानं उजनीचं पाणी पार आत ओढलं होतं. भेगाळलेल्या गाळात दूरवर माणूस नव्हतं, बगळ्यांची एक रांग तेवढी पाण्याच्या कडेला उभी होती.

साहेबराव त्याचे अंगरक्षक. मूळचे इंदापूरचे, फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पन्नाशीला टेकलेले, कमरेला स्वतःच्या लायसनचं बत्तीसचं पिस्तूल. त्यांनी पिस्तूल दोन्ही हातांत धरलं, श्वास सोडला आणि चाप ओढला. बगळे उडाले. बाकी काहीच झालं नाही. पोतं होतं तिथंच होतं. राजवर्धनला वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल.

साहेबरावांनी सुतळी सोडली. तुकडा उलटा केला तर मागनं धडधाकट. पुढच्या कापडाला तेवढं भोक पडलेलं, आणि आतल्या पिवळट थरांत गोळी शर्टाच्या बटणासारखी चपटी होऊन बसलेली. राजवर्धननं ती नखानं उकरून काढली. अजून कोमट होती. त्याला हसू आलं.

"अडली की."

"अडली," साहेबराव म्हणाले. "पर हिकडं बी बघा."

त्यांनी पोत्याकडं बोट केलं. तुकड्याच्या मागं गाळात खड्डा पडला होता. वाटी दाबून काढावी तसा गोल आणि चांगला खोल.

"गोळी अडली म्हंजी तिचा जोर बी अडला आसं न्हाय. त्यो आत येतोच. ह्यो खड्डा तुमच्या बरगड्यांत पडणार. आठ-पंधरा दिवस कूस बदलता यायची न्हाय. पर माणूस जित्ता ऱ्हातो."

राजवर्धननं खड्ड्यात मूठ घालून बघितली. मूठ बसली. मग त्यानं विचारलं, पोलिसांकडं असतं ते नऊ एमएमचं पिस्तूल? ती गोळीही अडवेल, साहेबराव म्हणाले, जाकीट त्याच मापाचं आहे. रायफलची मात्र नाही. रायफल निघाली तर जाकिटावर विसंबायचं नाही, गाडीच्या इंजिनामागं आडवं व्हायचं. आणि काख, मान, मांड्या, तिथं जाकीट नाहीच, हे ध्यानात ठेवायचं. जाकीट घातलेल्या माणसाला वाटायला लागतं आपण लोखंडाचे झालो, आणि तो नको तिथं छाती काढून उभा राहतो.

"आता ही गंमत बघा."

पंपाच्या खोलीमागं गोडेतेलाचा रिकामा डबा पडला होता. साहेबरावांनी तो पायानं चेपून सपाट केला, पोत्यावर दुसऱ्या अंगाला बांधला आणि परत गोळी झाडली. या वेळी पोतं हाललं. पत्र्याला भोक पडलं होतं, कडा आत वळलेल्या, आणि गाळातलं भोक पाऽर आत गेलेलं. साहेबरावांनी बोटं खुपसून गाळ काढला, तळहातावर चोळला. त्यात पत्र्याचे चिमुकले तुकडे चमकत होते.

"बाजारात आसली बी जाकिटं मिळत्यात. वरनं ह्येच कापड, ह्येच पट्टं, आत फोम आन् पत्रा. गोळी तर जातीच, जाताना पत्र्याचं तुकडं बी संगं घिऊन जाती. त्यापरीस नुसतं बनेल बरं. डाक्टरला एक गोळीच तर हुडकाय लागती."

राजवर्धन हसला. पण नंतर गाडीत बसल्यावर त्याचा हात आपोआप जाकिटाच्या कडेवरनं फिरला, आत थर नीट आहेत ना म्हणून. ती सवयच लागली त्याला. रोज सकाळी जाकीट घालायच्या आधी तो ते दोन्ही हातांनी चाचपायचा. गवंडी विटेवर टिचकी मारतो तसं. डोळे झाकूनही त्यानं सांगितलं असतं, हे आपलं, हे आपलं नव्हे.

*

गोळी चालली होती ती दीड वर्षामागं. भिगवणच्या पुढं रस्त्याकडेला मासळी खाऊन राजवर्धन गाडीत बसत होता, आणि शेजारची काच फुटली. आधी त्याला वाटलं, ट्रकच्या चाकाखालनं दगड उडाला. मग सीटच्या पाठीत गोळी सापडली. कुणी झाडली ते आजपर्यंत कळलं नाही. पोलिसांनी कुणावर संशय आहे का असं विचारलं, तेव्हा त्यानं नाव घेतलं सौरभचं.

सौरभ त्याचा चुलत भाऊ, चार वर्षांनी धाकटा. राजवर्धनची आई तो लहान असतानाच गेली, त्यामुळं दोघं एकाच चुलीवर वाढले; सौरभची आई कुशाबाई, तिनंच दोघांना घास भरवले. पुढं सोसायटीच्या निवडणुकीला दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. भाषणं झाली, भाषणांत नको ते निघालं, राजवर्धन थोडक्यात जिंकला. त्यानंतर महिन्याच्या आत काच फुटली. मग दुसरं कुणाचं नाव येणार तोंडात? पोलिसांनी सौरभला बोलावलं, दिवसभर बाकड्यावर बसवलं, आणि काही सापडलं नाही म्हणून सोडलं. त्या दिवसापास्नं भाऊ भावाशी बोलला नाही. राजवर्धननं गाव सोडलं, बारामतीत बंगला घेतला, साहेबरावांना ठेवलं. साहेबराव कायम पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. रस्ता दिसला पाहिजे, हा त्यांचा नियम.

असं सगळं नीट बसलेलं असताना काकीचा फोन आला.

सोनमचं लग्न ठरलं होतं. सोनम म्हणजे सौरभची बहीण, आणि राजवर्धनचीही म्हणायची, कारण भाऊबीजेला दोघांना शेजारी बसवून ओवाळल्याशिवाय ती कधी जेवली नव्हती. पत्रिका छापून आल्या होत्या. पहिली पत्रिका नरसिंहपूरला कुलदैवताच्या पायाशी ठेवायची, ती घरातल्या भावांनी एक नारळ दोघांत धरून, अभिषेकाला बसून. ही घरची रीत. काकी फोनवर रडली नाही, की भांडली नाही. तिनं फक्त सांगितलं की बुधवारी सकाळी मी पोरीला घेऊन तिथं असेन. दोघं आलात तर पत्रिका ठेवीन. एकजण आला तर पत्रिका परत घेऊन येईन आणि सोयऱ्यांना काय ते कळवीन.

"काकी, आगं पर..."

"राजा, मला कारण सांगू नगंस. कारणं लई ऐकली मी."

आणि फोन ठेवला.

राजवर्धन दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. बायकोनं, स्वरूपानं, विचारलं तर तिच्यावर खेकसला. अडचण देवाची नव्हती. अडचण अशी होती की अभिषेकाला बसायचं म्हणजे सोवळं नेसून, वरनं उघड्या अंगानं. गाभारा केवढा? चार माणसं बसली की पाचव्यानं बाहेर थांबायचं. तिथं आपण उघडे, आणि मांडीला मांडी लावून तो.

शेवटी त्यानं साहेबरावांना सांगितलं. तेही वाकडंतिकडं करून.

"तितं आंगात कायबी घालता येत न्हाय, साहेबराव. उघडं बसायला लागतं."

साहेबरावांनी जरा विचार केला.

"मग त्यो बी उघडाच बसंल की."



"मी आत येणार न्हाय," साहेबराव पुढं म्हणाले. "माझं काम दारापतोर."

पिस्तूल देवळात न्यायचं नव्हतं हे तर होतंच. पण नुसतं तेवढंच नव्हतं. साहेबरावांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. त्यांच्या वडलांनी देऊळ सोडलं ते कायमचं. राजवर्धनला ते ठाऊक होतं, म्हणून त्यानं परत विचारलं नाही.

*

बुधवारी नीरा-भीमेच्या संगमावर ऊन सकाळीच तापलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर सोनम पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. राजवर्धनला बघून उठली, पाया पडली आणि मान वर करायच्या आधीच बोलली.

"दादा, केवढा सुटलायस. वैनी दोन टाइम पुरणपोळी घालती का काय?"

शर्टाच्या आत जाकीट होतं. राजवर्धननं पोटावर हात ठेवून हसल्यासारखं केलं. काकी पुढं झाली. तिनं त्याच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि दुसरा हात लहानपणीसारखा पाठीवरनं खाली नेला. हात मधेच थांबला. बोटांनी परत एकदा चाचपलं.

"आतनं काय घातलंयस रं, एवढ्या उन्हाचं?"

"बंडी हाय, काकी. जाड."

काकीनं हात काढून घेतला आणि पदर सारखा केला.

"व्हय. आजकाल समद्यास्नीच थंडी वाजती."

सौरभ जरा लांब, पिंपळाच्या पाराला टेकून उभा होता. दीड वर्षात वाळला होता. निदान तोंड तरी वाळलं होतं. त्यानं राजवर्धनकडं बघून मान हलवली. राजवर्धननंही हलवली. झालं. देवाच्या दारात एवढं पुरे होतं.

पुजाऱ्यांच्या घरात कपडे बदलायला एक खोली होती. तिच्या मधोमध दोरीवर जुनं लुगडं टाकून आडोसा केलेला. अलीकडं राजवर्धन, पलीकडं सौरभ. बाहेर साहेबराव दाराशी उभे, पाठ भिंतीला, तोंड गर्दीकडं.

राजवर्धननं शर्टाची बटणं सोडली आणि जाकिटाच्या पट्ट्याला हात घातला. हे पट्टे चिकटपट्टीचे. ओढले की चर्र करून आवाज येतो, आणि त्या शांत खोलीत तो केवढा मोठा येणार हे त्याला ठाऊक होतं. तो थांबला. घसा खाकरला आणि खाकरता खाकरता एक पट्टा ओढला. चर्र.

पलीकडं कपड्यांची सळसळ चालली होती ती एकदम बंद पडली.

राजवर्धन तसाच उभा, पट्टा हातात. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं दुसरा पट्टाही ओढला. कान तापले होते. घाबरट म्हणेल. आपल्याच कुळाच्या देवाला जाकीट घालून आला म्हणेल. उद्या सोसायटीच्या कट्ट्यावर हसतील.

आणि मग लुगड्याच्या पलीकडनं आवाज आला. चर्र.

राजवर्धनला आधी वाटलं, आपल्याच आवाजाचा भास. पण लगोलग परत आला. चर्र. तोच आवाज, दुसऱ्या खांद्याचा.

एक माशी लुगड्यावर बसली, उडाली, परत बसली. मग पलीकडनं सौरभ नाकातनं हसला. हसला की नुसता श्वास सोडला, काय ते कळलं नाही.

*

गाभाऱ्यात गारवा होता, आणि तेल, फुलं, ओला दगड यांचा वास. पुजाऱ्यांनी दोघांना शेजारी बसवलं. नारळ एकच, त्याला चार हात लावले. राजवर्धनच्या उघड्या दंडाला सौरभचा दंड लागत होता. तो सरकला नाही, कारण सरकायला जागाच नव्हती.

"यात थोरलं कोण?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"दादा," सौरभ म्हणाला.

पळीतलं पाणी आधी राजवर्धनच्या हातावर पडलं, तिथनं सौरभच्या, तिथनं नारळावर. मंत्र लांबत गेले. राजवर्धननं मान खाली घातली होती, पण डोळे बाजूला वळायचे. सौरभच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली, छातीच्या वर, चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. तो डाग आहे हे राजवर्धन विसरला नव्हता, फक्त बरीच वर्षं बघितला नव्हता.

घरात सगळ्यांना ठाऊक होतं की सौरभ लहानपणी तुटल्या उसाच्या बुडख्यावर पडला होता. काकी तशीच सांगायची, टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही तेच सांगितलं होतं. खरं असं होतं की राजवर्धननं नवी गलोल केली होती, आणि सायकलच्या बेअरिंगची गोळी लांबनं कशी लागते हे त्याला बघायचं होतं. सौरभ समोर उभा राहिला, कारण दादानं सांगितलं. रक्त बघून राजवर्धनच घाबरून बसला. सौरभ सहा वर्षांचा, छातीवर हात दाबून, रडत रडत त्यालाच म्हणाला, मी पडलो म्हणून सांगतो.

आणि सांगितलं. आजपर्यंत तेच सांगत होता.

पुजाऱ्यांनी नारळ पुढं करायला सांगितला. राजवर्धनचा हात जरा मागं राहिला, तसा सौरभनं नारळ तोलून धरला. काकीनं गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी येऊन पत्रिका पायाशी ठेवायला दिली. देवाला तिनं काय मागितलं कुणास ठाऊक. ओठ बराच वेळ हलत होते.

*

परत खोलीत आले तर बाहेरनं सोनमची हाक. आईला पाण्यात पाय घालायचेत, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, कुणीतरी हात धरा. राजवर्धन वळायच्या आत सौरभ सोवळ्यावरच बाहेर पडला.

राजवर्धन आपल्या बाजूला आला. शर्ट खुंटीला, पिशवी खाली. पण त्यानं दोरीवर टाकलेला टॉवेल मघाशी पलीकडच्या बाकावर घसरला होता, म्हणून त्यानं लुगडं सारलं. टॉवेल सौरभच्या कपड्यांखाली अडकलेला. वर त्याचं जाकीट. काळं, त्याच्यासारखंच, तेच कापड, तेच पट्टे. राजवर्धननं ते बाजूला ठेवायला म्हणून उचललं.

उचललं आणि हात जागच्या जागी थांबला.

रोज सकाळी जी बोटं जाकीट चाचपायची त्यांनी आधी ओळखलं; डोक्यात नंतर शिरलं. ते मऊ वाकत नव्हतं, दाबलं की परत ताठ होत होतं. राजवर्धननं छातीच्या जागी अंगठा दाबला. आतनं बारीक आवाज आला. टक्क. डबा दाबल्यासारखा.

खालच्या कोपऱ्यात शिलाई उसवली होती, बोटभर. त्यानं बोट घातलं. फोम लागला, पिवळा पडलेला, चुरा होत आलेला. त्याच्या मागं पत्रा. कडेला धरून त्यानं जरासा ओढला. पत्र्यावर रंग होता. हिरवं पान आणि अर्धं पिवळं सूर्यफूल. वर तेल कंपनीच्या नावाची शेपटी.

बाहेर घाटावर काकी हसत होती. पाणी गार आहे म्हणत होती. सौरभ सांगत होता, हळू, हितं धर, माझ्या खांद्याला धर.

राजवर्धन बाकावर बसला. मांडीवर ते जाकीट. हे कुणी विकलं असेल याला? आणि यानं एकदा तरी आत बघावं की नाही? आपला चिडका स्वभाव त्याला ठाऊक होता. दुसरा कुठला दिवस असता तर तो तसाच बाहेर गेला असता आणि चारचौघांत ओरडला असता, गाढवा, तेलाचा डबा बांधून फिरतोस. पण ओरडायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की तो डबा कुणाच्या भीतीनं बांधला होता. पोलिसांच्या बाकड्यावर दिवसभर बसून आलेला माणूस. त्यानंतर रोज सकाळी हे घालून, छाती काढून, गावातनं फिरणारा.

पोत्यातला गाळ त्याला आठवला. साहेबरावांच्या तळहातावर चमकणारे ते तुकडे.

तो उठला. पत्रा होता तसा आत सारला. ते जाकीट त्यानं स्वतःच्या अंगात घातलं. दंडाखाली ओढत होतं. सौरभ बारीक, माप त्याचं. पट्टे पार टोकापर्यंत सोडले तेव्हा कुठं बसलं. मग आपलं जाकीट बाकावर पसरलं. दोन्ही बाजूंचे पट्टे उपटून काढले, गाभाऱ्यात बघितलेली छाती डोळ्यांसमोर आणून ते आत ओढले, चार चार बोटं. एकदा कमी वाटलं म्हणून परत काढले. चर्र. चर्र.

"काय फाटलं रं, दादा?" सोनम दाराबाहेरनं.

"काय न्हाय. पिशवी."

जाकीट नीट घडी घालून त्यानं सौरभच्या कपड्यांवर ठेवलं, टॉवेल घेतला आणि लुगडं ओढून अलीकडं येऊन शर्टाची बटणं लावायला लागला.

सौरभ आला. पलीकडं कपड्यांची सळसळ झाली. मग थांबली.



"दादा."

"हं."

"ह्ये जड झालंय."

राजवर्धननं कॉलर सारखी केली. आरसा नव्हता, तरी केली.

"पाणी लागलं आसंल. गाभाऱ्यातनं आला न्हवं का ओला."

लुगड्याच्या पलीकडनं पट्टा बसल्याचा आवाज आला. दुसरा. एकदाच लावला, मागंपुढं करावा लागला नाही.

"व्हय," सौरभ म्हणाला. "आसंल पाणी."

*

काकीनं दोघांना एका पानात पेढा दिला, तो दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. सोनमनं आहेराची यादी आत्ताच सांगून टाकली, फ्रीज राजवर्धनदादाचा आणि फिरवाफिरवी चालणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाला ये, सौरभ म्हणाला. येतो, राजवर्धन म्हणाला. मग सौरभनं मोटरसायकलला किक मारली. जाताना काकीनं पुन्हा राजवर्धनच्या पाठीवरनं हात फिरवला. हात परत थांबला. या वेळी हाताला काहीतरी वेगळंच, ताठ लागलं. तिनं सौरभच्या मोटरसायकलकडं बघितलं, त्याच्या पाठीकडं बघितलं, आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं.

गाडीपर्यंत गर्दी होती. साहेबराव नेहमीसारखे अर्धं पाऊल मागं, तळहात राजवर्धनच्या पाठीवर, वाट काढत. नारळाच्या दुकानापाशी कुणाचा तरी धक्का लागला आणि साहेबरावांची बोटं जरा जोरात दाबली गेली. आतनं बारीक आवाज आला. टक्क.

साहेबरावांची पावलं थांबली नाहीत. तळहात मात्र पाठीवर सपाट झाला, आणि तसाच राहिला. राजवर्धन पुढं बघून चालत होता. मागं वळून बघायचं त्याला धाडस झालं नाही. घामाची धार पाठीवरनं उतरत होती. फोम ओला होऊन अंगाला चिकटला होता.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. साहेबरावांनी राजवर्धनसाठी मागचं दार उघडलं, त्याला आत बसू दिलं. मग पुढं आपल्या जागेवर जायच्या ऐवजी ते तिथंच उभे राहिले. एकवार रस्त्याच्या त्या अंगाला बघितलं, एकवार या अंगाला.

"दादा, जरा आत सरका," ते म्हणाले. "आज मी हितं बसतो."

राजवर्धन सरकला. साहेबराव खिडकीकडनं बसले आणि दार ओढून घेतलं.